चटईताईंचा राहिलेला निरोप

मीरा रोडच्या त्या बालउपचार केंद्राने माझ्या मुलीला फसवलं. मला फसवलं असतं तर मी बघून घेतलं असतं. रेती-विटांच्या धंद्यात स्वतःच्या पायावर उभा राहिलोय. पण त्यांनी पाच वर्षांच्या पोरीला फसवलं.

तिथे उपचार करणाऱ्या बाईंना आम्ही चटईताई म्हणायचो. कुठल्याच मुलाला त्या कधी जवळ बोलवायच्या नाहीत. चटईवर मुलाकडे अर्धी पाठ करून एकट्याच ठोकळे रचत बसायच्या, मूल आपणहून येईपर्यंत. आमच्या तन्वीला यायला अख्खा पावसाळा लागला.

तन्वी दत्तक. आमच्याकडे येण्याआधी तिने किती हात बदलले कोण जाणे. बायकोने कुशीत घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायची, आणि डोंगरीच्या बसमध्ये कुणाही परक्याच्या मांडीवर जाऊन बसायची. लोक म्हणायचे, "किती लाघवी!" ताई म्हणाल्या, "आपलं कोण, हे तिला कळलेलंच नाही. परक्याला बघून लाजली, की मला पेढे द्या."

मी भाव करणारा माणूस. "महिने किती? आकडा बोला."

"दादा, इथे घासाघीस नाही."

एका मिठीला एक चॉकलेट, असा सौदा मी घरी लावला होता. ते कळल्यावर कडाडल्या, "धंदा गोदामात ठेवा! मिठी फुकट मिळते, हेच तिला शिकवायचंय." मीही आवाज चढवला. चॉकलेटं मात्र बंद केली.

मुर्धा गावातल्या आमच्या घरात येणारी प्रत्येक बाई पोराला घास भरवणार. ताईंनी बजावलं, घास फक्त आईच्या हातून. माझी आई भडकली, "मी काय परकी हाय?"

"आजी, आधी आई पक्की होऊ द्या. मग तुम्हीच तुम्ही."

दिवाळीनंतर पार्सलवाला दारात आला आणि तन्वी बायकोच्या पदराआड लपली. मी पेढे घेऊन धावलो.

ताईंनी केंद्राच्या संचालकांकडून आमच्यासमोर कबूल करून घेतलं होतं: मला हलवलंत, तर आधी मुलांचा निरोप घेऊ द्यायचा. न सांगता माणसं नाहीशी होतात, हेच या मुलांचं दुखणं.

गेल्या सोमवारी चटईवर दुसरीच बाई. ताईंना परस्पर दुसऱ्या शाखेत पाठवलेलं. मी तोंड उघडायच्या आत तन्वी हसत त्या अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसली.

"बघा, लगेच रमली!" संचालक खूश.

मी तिला उचललं आणि आम्ही निघालो. रिक्षात बायकोने तिला जवळ ओढलं. पोर पुन्हा लाकूड.

संचालकसाहेब, मला तुमच्या केबिनमधला चहा नको. तन्वी ताईंचं नावही काढत नाही, त्याचीच मला धास्ती आहे. तिच्यासमोर बसा. ताई का गेल्या आणि जाताना तिला भेटू का दिलं नाही, ते तिला सांगा. मला नाही, तिला.