नामीबय गप्प बसली तेव्हा

“गाना कोनी बंद केला? मी इचारतोय, कोनी बंद केला?” बाळाशेठ मांडवाच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. आवाज असा की जासईच्या यार्डातले कंटेनर घाबरून एकमेकांना चिकटले असतील. पाटावर त्याचा थोरला गौरव नवरदेव होऊन बसलेला, एक गाल पिवळा आणि एक कोरडा. कारण समोर बसलेली नामीबय ओळ अर्ध्यात तोडून गप्प झाली होती, आणि ती गप्प झाली की हळदीचा हात जिथल्या तिथे थांबतो, ही आमच्याकडची रीत.

नामीबय आमच्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी, म्हणजे धवले, हीच गाणार. भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण नाही. बय सुरात आली की खाडीतले फ्लेमिंगो रांग लावून उभे राहायचे. मी स्वतः पाहिलंय. खोटं वाटत असेल तर फ्लेमिंगोंना विचारा. आणि नाक? मी वाशीच्या मार्केटात कांदा विकतो. तिथे कुणी बाटलीचं बूच फिरवलं की इकडे बयच्या नाकपुड्या हलायच्या. एका पोराने तोंडाचा दारूचा वास लपवायला माझ्याकडचा अख्खा कांदा सफरचंदासारखा चावून खाल्ला. बयने त्याला जवळ ओढून हुंगलं नि सगळ्यांदेखत निकाल दिला, “कांदा जुन्नरचा हाय. दारू नाक्यावरची.”

आमच्याकडे हळद म्हणजे जेवणाइतकीच बाटल्यांची मांडामांड. मोठे समोर प्यायचे, पोरं मांडवामागे उरलेले ग्लास संपवायची, आणि काका-मामांना त्याचं हसू यायचं. हळदीत पोरगा पहिल्यांदा घेतो, असं अगदी कौतुकाने सांगायचे. बाहेर मात्र रस्ता आमचा, बंदराकडे जाणारा, दिवसरात्र ट्रेलरने भरलेला. महिला मंडळाने ठराव केला, पोरांना दारू द्यायची नाही, आणि देवळाजवळ पाटी लावली. आठवड्यात तिच्यावर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर चढला.

तेव्हा बय म्हणाली, पाटी कोणी वाचत नाही, पोराच्या हातात ग्लास दिसला की मी गाणं तोडून गप्प बसेन. वय कसं ठरवणार, असं कुणी खवचटपणे विचारलं. “मला कायद्यातला काय समजत नाय,” ती म्हणाली. “ज्याची आयस अजून शालेचा डबा भरते, त्याचे हातान गलास नको.”

आणि चाललं की. बयचा सूर तुटला की बाप धोतरं-पँटी सावरत मांडवामागे धावायचे. एका मामाने तर चार पोरं कानाला धरून आणली नि त्यांना इतकं लिंबूपाणी पाजलं की महिनाभर त्यांचे दात आंबलेले होते. त्या हंगामात नाक्यावरचा दुकानदार बयचं नाव घेऊन बोटं मोडायचा म्हणतात.

बाळाशेठच्या मांडवात बयने हनुवटीने जनरेटरकडे दाखवलं. तिथे त्याचा धाकटा, दहावीतला प्रतीक, हातात ग्लास घेऊन उभा. बाळाशेठचा आवाज खाली आला. “बय, भावाची हळद हाय त्याची. एक दिवस.” बय गप्प. तिच्यासोबत गाणाऱ्या बायकाही गप्प. दोनशे माणसं एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसलेली.

तेवढ्यात डीजेवाल्याने मोबाईल वर धरला. मागच्या कुठल्यातरी हळदीत त्याने बयचे धवले भरून घेतले होते. बाळाशेठ हसला. “लाव.”

दुमजली घराएवढ्या स्पीकरांतून बयचाच आवाज आला. कोरड्या गालावर हळद चढू लागली. समोर बय ओठ मिटून बसलेली, आणि तिचा आवाज तिच्या डोक्यावरून मांडवभर फिरतोय. इतकी वर्षं मी तिच्याबद्दल थापा मारत आलो, पण तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता ते मला वाढवूनही सांगता येत नाही.

ती उठली नि जनरेटरपाशी गेली. बर्फ संपला म्हणून प्रतीक मोटारसायकल काढत होता. बयने त्याची बाही धरली. तिचे ओठ हलताना मला दिसले, शब्द काही पोचला नाही. म्हातारी पोराला रागावतेय असं बघून बाळाशेठने डीजेवाल्याला हाताने खूण केली, अजून वाढव. प्रतीक हसत हसत बाही सोडवून निघाला. बय फाटकापर्यंत त्याच्या मागे चालत गेली.

बर्फ आला नाही. रस्त्यावरून एक माणूस धावत आत आला तेव्हा तो काय ओरडतोय ते कुणाला कळेना; बटण सापडेपर्यंत बय स्पीकरातून गातच होती. प्रतीक यार्डाच्या वळणावर ट्रेलरखाली गेला होता. ट्रेलरचा ड्रायव्हर रस्त्यातच बसून रडत होता.

तेराव्यानंतर बाळाशेठ बयच्या दारात आला. मी ओट्यावर होतो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला. त्याने विचारलं, “बय, तू त्याला शेवटचा काय बोललीस?”

बय तांदूळ निवडत होती. म्हणाली, “चावी दे, बोलले. त्याला आयकू नाय आला.”