थेलीसकाकांचा रविवारचा वर्ग

थेलीसकाकांना साध्या प्रश्नाचं साधं उत्तर देता येत नसे. "चहा घेणार?" असं विचारलं, तरी "चहा म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवू" म्हणत. ठरेपर्यंत चहा गार होई. मग तोच आनंदाने पीत.

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आम्ही मराठी माणसं बहुतेक इंजिनियर. दर दुसरा जण रोग तपासायच्या कुठल्या तरी यंत्राचा कुठला तरी स्क्रू सुधारत असतो. अशा कर्तबगार गावात हा चाळिशीचा सांगलीकर विद्यापीठात बसून, जग कशाचं बनलंय याबद्दल अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक काय म्हणाले, ते वाचत होता. त्यांतला पहिला थेलीस. सगळं पाण्यापासून झालं म्हणणारा. नाव तिथूनच पडलं.

"यात स्कोप काय?" आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी पहिल्याच गणपतीत विचारलं.

"फार नाही हो. आकाश आणि पृथ्वी, एवढाच."

रिकामा माणूस म्हणून मंडळाने रविवारचा मराठी वर्ग त्यांच्या गळ्यात मारला. आमच्या मुलांना मराठी कळतं. उत्तरं जर्मनमध्ये येतात. काकांनी मुळाक्षरांचे तक्ते गुंडाळून ठेवले. म्हणाले, "थेलीस सांगायचा, पृथ्वी पाण्यावर ओंडक्यासारखी तरंगते. पाणी हललं, की भूकंप."

"उंड दास वासर?" माझी सात वर्षांची रेवा म्हणाली.

"मराठीत विचारलंस तर सांगतो."

रेवाने डोकं खाजवलं. "मग... पाणी कशावर आहे?"

काका खुर्चीवरून उठलेच. "शाब्बास! आता थेलीसचं काही खरं नाही!"

हळूहळू सगळा वर्ग मराठीत भांडू लागला. हे अर्थातच कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते वेगळंच. अध्यक्षांच्या पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी गडगडाट ऐकून नातवाला सांगितलं, की ढगात म्हातारी हरभरे भरडतेय. नातू स्वच्छ मराठीत म्हणाला, "आजी, तू पाहिलंस? मग कशावरून?" सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तातडीची बैठक भरली. "अहो, मुलांना मराठी शिकवा. शंका कशाला शिकवता?"

"शंका त्यांच्या स्वतःच्याच आहेत," काका म्हणाले. "मी फक्त मराठी पुरवलं."

त्यांच्या बाजूने मी एकटाच बोललो. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांना काढलं. नव्या बाई आल्या. मुलं आता गुपचूप गणपती रंगवतात. शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

पुढे विद्यापीठानेही काकांचं काम बंद केलं आणि ते हॅम्बर्गला निघाले. स्टेशनवर रेवाने विचारलं, "काका, तुम्ही का जाताय?"

"इथलं काम संपलं म्हणून."

"का संपलं?"

"माझा विषय इथे कोणाला लागत नाही, बाळा."

"का लागत नाही?"

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हे मात्र बाबाला विचार," म्हणाले, आणि गाडीत चढले.

परतताना बसमध्ये तिने विचारलं. मराठीत. मला उत्तर जर्मनमध्येही सुचलं नाही.