गाडीतल्या सभा

माझा धाकटा भाऊ ड्रायव्हर होता आणि ज्याची गाडी चालवायचा, त्याच्याच कंपनीत डायरेक्टरही होता. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करते आहे. थट्टा आम्ही सगळेच करायचो, पण गोष्ट खरी आहे. जुन्या कायद्यात कंपनीला किमान दोन संचालक लागायचे. शेठला शेजारी शहाणा माणूस नको होता आणि नातेवाईक तर त्याहून नको. मग उरला कोण, तर पुढच्या सीटवर बसलेला. एका सकाळी बॉनेटवर कागद ठेवून त्याने धाकट्याची सही घेतली आणि धाकटा डायरेक्टर झाला. पगार तोच, युनिफॉर्म तोच.

हा कायदा मला कसा कळतो म्हणाल, तर कंपन्यांची नोंदणी होते त्या निबंधक कचेरीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं टायपिंगचं टेबल आहे. पूर्वी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि सदा कुरकुरणारा प्रिंटर. कायदा माझ्यापर्यंत गिऱ्हाइकांच्या तोंडून येतो, म्हणजे अर्धा रडत आणि अर्धा शिव्या देत.

आमच्या बाबांनी धाकट्याला शाळेत असल्यापासून एकच नाव ठेवलं होतं, कुचकामी. दोनदा नापास झाला, दुकानात लावला तिथे टिकला नाही, शेवटी गाडी शिकला. सहीची बातमी ऐकली त्या दिवसापासून बाबा त्याला डायरेक्टर म्हणू लागले. सुरुवातीला तो निव्वळ टोमणा होता. "डायरेक्टर, नळ गळतोय, जरा लक्ष घाला." पण शेजारच्यांशी बोलताना बाबा हाच शब्द वेगळ्या आवाजात काढायचे, आणि धाकटा दाराआड उभा राहून ते ऐकायचा. मी पाहिलंय त्याला.

संचालकांच्या सभा घेणं कायद्याने भाग होतं. शेठ मुलखाचा विचित्र. लोकांच्या ठेवी गिळताना तो कधी कचरला नाही, पण न झालेली सभा झाली असं लिहायला तो घाबरायचा. म्हणून सभा तो गाडीत घ्यायचा. मागच्या सीटवरून ठराव वाचायचा आणि विचारायचा, "मंजूर?" धाकटा आरशात बघून म्हणायचा, "मंजूर, साहेब." सिग्नल सुटायच्या आत सभा संपलेली असायची. पुढे शेठच्या डोक्यात आलं की चालत्या गाडीतली सभा कायद्याला चालते की नाही कुणास ठाऊक. तेव्हापासून धाकटा सभेसाठी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा आणि शर्टाचं वरचं बटण लावायचा. बटण कशाला रे, असं मी विचारलं तर म्हणाला, "ताई, सभा असते ती."

हसून हसून माझी पुरेवाट झाली होती.

त्यातल्या एका सभेत तो नाही म्हणाला. कंपनीच्या गेटवर एक म्हातारा वॉचमन होता. त्याला दिसायचं कमी झालं होतं, गाड्यांचे नंबर चुकवायचा. त्याला काढून टाकायचा ठराव शेठने वाचला. धाकटा आरशात न बघता, समोर काचेकडे बघत म्हणाला, "हे नको, साहेब. कुठे जाईल तो?" मग शेठ हसला, म्हणाला, "बरं बाबा. नामंजूर." म्हातारा शेवटपर्यंत त्या गेटवर राहिला.

घरी येऊन धाकट्याने हे जेवताना सांगितलं, घाबरत घाबरत, जणू नोकरीच गेली आहे. बाबांनी हातातला चमचा ठेवला, उठले आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बसा, डायरेक्टर," म्हणाले. त्या खुर्चीवर आमच्या घरात दुसरं कुणी बसत नसे. पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले.

मग शेठ सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला. ठेवीदारांनी कंपनीच्या काचा फोडल्या, सरकार खडबडून जागं झालं आणि कायदा बदलला. ठेवी घेणाऱ्या कंपनीचा प्रत्येक संचालक आता सारखाच जबाबदार, खटला त्याच्यावरही, जप्ती त्याच्या घरावरही. पण कायदा करणाऱ्यांत कुणीतरी माणसात होतं म्हणायचं. त्याने एक दार ठेवलं. जे नुसते नावाला संचालक होते, ज्यांनी कधीच कुठला निर्णय घेतला नाही, त्यांनी मुदतीत निबंधकासमोर स्वतः येऊन तसं शपथेवर सांगायचं. नाव निघालं की सुटका.

माझ्या टेबलापुढे रांग लागली. माळी, स्वयंपाकी, शिपाई, कुणाची म्हातारी आई. गावभर डायरेक्टर पसरलेले आहेत हे तेव्हा मला कळलं. धाकट्याचा कागद मी सगळ्यात आधी टाइप केला. त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, बायकोने शिवणकाम करून निम्मं उभं केलेलं. ती माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुम्ही बरोबर जा. यांना बोलता येत नाही साहेबलोकांपुढे."

म्हणून मी गेले. खोलीत एक पंखा, भिंतीला लागून फायलींची कपाटं आणि टेबलामागे निबंधकबाई. दिवसभर तेच तेच ऐकून बाई थकल्या होत्या, पण आवाज चढा नव्हता. कंपनीत पैसे घातले का? नाही. नफ्यातला वाटा मिळाला? नाही. बाई भराभर लिहीत होत्या. माझा जीव जरा भांड्यात पडला.

"संचालक म्हणून कधी काही निर्णय घेतलात?"

धाकट्याने वरचं बटण लावलं.

"हो," तो म्हणाला. "एकदा."

बाईंनी मान वर केली. त्याने वॉचमनची गोष्ट सांगितली, अगदी नीट, एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय दिला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा, तुम्ही विनंती केलीत. निर्णय शेठचाच होता. असंच ना?" त्या म्हणाल्या. दार त्यांनी आणखी उघडून धरलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"नाही, मॅडम. ठराव होता. मी नको म्हणालो. नामंजूर झाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? त्यांनी कागदावर ते लिहिलं आणि शिपायाला पुढच्याला बोलवायला सांगितलं.

जिन्यात मी त्याला नाही नाही ते बोलले. अक्कल गहाण ठेवलीस का, बायकोचा तरी विचार करायचास, एक नाही म्हणायला काय जात होतं तुझं. तो कठड्याला धरून उभा राहिला. "सगळं खोटंच होतं, ताई," म्हणाला. "सही, सभा, सगळं. तेवढं एक खरं होतं. ते नव्हतं म्हणालो तर बाबांनी खुर्ची कुणाला दिली?"

घराला सील लागलं. बायको शिवणयंत्र घेऊन आपल्या भावाकडे गेली, ती धाकट्याशी बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही. पेपरात नाव आल्यापासून त्याच्या हातात कुणी गाडी देत नाही. तारखेला तो कोर्टात जातो, एरवी माझ्या पुढच्या खोलीत बसून असतो. मला त्याचा राग येतो. जेवायला वाढतानाही येतो.

परवा, वाढवून दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत, टेबलापुढे एक बाई आल्या. एका ऑफिसात झाडलोट करणाऱ्या, तिथल्याच कंपनीच्या डायरेक्टर. मी एकेक प्रश्न वाचत होते, त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते. निर्णयाच्या रकान्याशी आलो तशा त्या जरा सावरून बसल्या.

"एकदा साहेबांना मी म्हटलं होतं," त्यांनी सुरुवात केली, "की..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. नाही, असं टाइप केलं आणि कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली.