दर तीन आठवड्यांची सुई आणि देवळातले गाऱ्हाणे

गेल्या सोमवारी आमच्या मसुऱ्यातील वाडीच्या देवळात माझ्या पार्श्वभागाचा जाहीर उल्लेख झाला... तोही देवासमोर, पन्नास-साठ माणसांच्या साक्षीने.

नारळ ठेवून गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, गाऱ्हाणे घालावे, यात नवे काही नाही. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागत नाही, ते त्यांनी मोठ्याने देवाला सांगायचे आणि जमलेल्यांनी दुजोरा द्यायचा. परंतु त्या दिवशीचा एक नारळ माझ्या नावाचा होता, आणि त्याची मला सुतराम कल्पना नव्हती.

"बा देवा म्हाराजा! हो तुझो झील, तुझो लेक, दर तीन आठवड्यांनी कट्टा गावाक डाक्टराकडे जाता आणि ढुंगणार सुई टोचून घेता. कसली सुई, ता घरात सांगणा नाय. ह्या जीवघेण्या दुखण्यातून तेका सोडय, तेच्या आंगात पयल्यासारखी रग येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात गरजले.

"रग खंय येवक व्हयी, ताव सांग रे गावकारा..." मागून आमचा शेजारी बाबल बोलला, आणि देवळात हशा पिकला. मी वहाणा न घालताच बाहेर पडलो.

मला कोणतेही जीवघेणे दुखणे नाही, हे येथे स्पष्ट करतो. चाळिशीच्या आत गालगुंड झाले, सूज खाली उतरली आणि वृषणांना कायमची इजा झाली. आमच्या दोन्ही मुलींचा जन्म त्यापूर्वीचा... पुढील वर्षांत थकवा एवढा वाढला की जेवणानंतर बसल्या जागी डोळे मिटत, आणि दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरे.

दिवाळीनंतर बोटीने मुंबईला गेलो. तेथे चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवून तपासणीस दिली. निष्कर्ष असा की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुष-हार्मोन, माझ्या शरीरात फारच कमी आहे. उपाय म्हणजे तेलात विरघळवलेले इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, बहुधा आयुष्यभर.

बस, एवढेच सांगितले गेले! पुढे काय होईल, केव्हा होईल, कशाची काळजी घ्यावी, हे सांगायला त्या विद्वान डॉक्टरांपाशी तीन मिनिटे नव्हती. वर्तमानपत्रातले शक्तिवर्धकवाले सात दिवसांत तारुण्य परत देतात. आम्ही मात्र अंधारात चाचपडायचे...

मी बी.कॉम. झालेला माणूस, वहीत टिपण ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्या सुईनंतर दोन दिवस कूस बदलता येईना. गुण म्हणाल तर दहा दिवस काहीच नाही. दुसरीनंतर दुपारची झोप कमी झाली, पण चोपन्नाव्या वर्षी पाठीवर पुटकुळ्या उठल्या, घोट्यांना किंचित सूज आली, आणि ताटात मीठ कमी पडले तरी माझा आवाज चढू लागला.

पहिला आठवडा बरा गेला, तिसऱ्यात अंगातली शक्ती ओहोटीसारखी उतरली. ही फसवणूक आहे असे ठरवून मी तिसऱ्या वेळी कट्ट्याच्या डॉक्टरांना, "आता बंद," असे सांगितले.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितले. हा चढउतार अपेक्षितच असतो, मात्रा आणि अंतर बदलता येते. ताकद आणि इच्छा दोन्ही सावकाश परततात, काही महिने लागतात, आणि तारुण्य काही परत येत नाही. प्रोस्टेटची तपासणी त्यांनी स्वतः केली, आणि लघवीला अडथळा आल्यास किंवा सूज वाढल्यास लगेच येण्यास बजावले. तिसरी सुई मी टोचून घेतली, पण हे सारे पहिल्याच दिवशी का सांगू नये?

हा सगळा राग डोक्यात घेऊन मी त्या सोमवारी अनवाणी घरी पोहोचलो. नारळ माझ्या पत्नीने, यशोदेने, ठेवला होता हे उघडच होते.

"सगळ्या गावासमोर माझी अब्रू घालवलंस गो!"

ती खोबरे खवत होती. हात थांबवून म्हणाली, "तीन महिने तुमी माझ्याशी धड बोलणास नाय. निजतास वायले, भायर पडवेर. सुई कसली म्हणान इचारलंय, तर 'तुका कळाचा नाय'. माका वाटला, मुंबयच्या डाक्टरान क्यान्सर सांगितल्यान. देवाक सांगू नको, तर कोणाक सांगू?"

ती तीन मिनिटे मीही तिला दिली नव्हती.

वही तिच्यापुढे ठेवली. तिने ती पहिल्या पानापासून वाचली, पुटकुळ्यांसकट, आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तुमी मराचे नाय?"

"नाही गो."

"मगे आधी सांगूक काय झाला होता?" असे म्हणून तिने पदराने डोळे पुसले, आणि ती पुन्हा खवायला लागली.

दुसऱ्या दिवशी तोच बाबल कुंपणापाशी घुटमळत होता. "भाऊ... ती सुई माका चलात काय रे?" त्याला सांगितले तेच येथे सांगतो. आधी तपासणी करा. शरीरात हार्मोन पुरेसे असेल तर ही सुई तुमच्यासाठी नाही, आणि मूल हवे असेल तर सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला, कारण बीज कमी होऊ शकते. आणि घरात सांगा... पहिल्या दिवशी.

आज चौथी सुई झाली. यशोदा एस.टी.ने कट्ट्यापर्यंत सोबत आली, आणि माझ्या रागावर काही उपाय आहे का, हे डॉक्टरांना तिनेच विचारले. येत्या सोमवारी देवळात आभाराचा नारळ ठेवायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे... गाऱ्हाण्याचा मजकूर मात्र गावकारांना मी लिहून देणार आहे.