जास्तीचं पाकीट

काकू हसायला लागली की खालच्या मजल्यावर आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. आधी खिंकाळल्यासारखा एक सूर, मग श्वास अडकायचा, मग टेबलावर थाप. विनोद कसला असेल हे कळायच्या आत आम्ही खाली हसायला लागलेलो असायचो. ती हसायची कधी थांबली, ते मात्र आमच्यातल्या कोणालाच सांगता येणार नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि नेमका कोणावर काढावा तेही कळत नाही.

ती बेकरीत कामाला होती. पीठ मळायला यंत्र होतं, पण पोतं उचलून त्यात रिकामं करायला माणूस लागायचा, आणि तो माणूस म्हणजे काकू. बाकीचे दोघं मिळून एक पोतं उचलायचे, ही एकटी. "दोघांनी मिळून उचलायचं म्हणजे निम्मा वेळ गप्पांत जातो," म्हणायची. अंगाने काडी, पण कंबर कसून उभी राहिली की पोत्याला हलावंच लागायचं. मुलगी झाली तेव्हा बाळंतपण अवघड गेलं होतं, तरी अंगात पुरती ताकद यायच्या आत ती पुन्हा पोत्यांपाशी हजर. पुढे काका गेले. मग आजी अंथरुणाला खिळली, आणि घरी आल्यावर आजीला उचलायचं, कुशीवर वळवायचं, बसवायचं. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, काकूची सासू, आणि तिचं वजन एका पोत्यापेक्षा कमी नव्हतं.

या सगळ्यात कधीतरी ते सुरू झालं. आधी शिंकेला लघवीचे दोन थेंब, मग खोकल्याला, मग पोतं उचलताना, आणि मग हसताना. पांढरा एप्रन घालून दिवसभर लोकांसमोर उभं राहणाऱ्या बाईला हे काय वाटलं असेल, ते सांगायला नको. तिने डॉक्टर गाठला नाही. लेकीलाही सांगितलं नाही. तोंडाला कुलूप.

आजीला डायपर लागायला लागले तेव्हा ते आणायचं काम आपसूक काकूकडे आलं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचा. इतर औषधं पांढऱ्या पिशवीत आणि हे तेवढं काळ्या पिशवीत, त्यामुळे हातात काळी पिशवी दिसली की आत काय आहे हे अख्ख्या गल्लीला कळायचं. लपवायची ही आमची अक्कल! पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "पेशंट चालतो-फिरतो का?" काकू म्हणाली, "नाही, पडून असतात." त्याने त्याप्रमाणे निजलेल्या माणसाचे, दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या लावायचे, सगळ्यात मोठ्या मापाचे दिले. आजीला ते बरोबर बसले.

आणि काकूने त्यातलाच एक स्वतःला लावला.

तो तिला कसा बसणार? कमरेभोवती दीड वेढा, मांडीपाशी पोकळ. कडेने गळायचं, म्हणून ती आत जुन्या टॉवेलचे तुकडे कोंबायची. वरून ओढणीची पट्टी करकचून बांधायची. चालताना कागदासारखी सळसळ व्हायची, म्हणून पाय घासत चालायची. आम्हाला वाटायचं, गुडघे धरले.

पाकिटं भराभर संपायला लागली. एकदा माझे वडील वर जाऊन कुरकुरले, "एका माणसाला इतके लागतात?" आजी आडवी होती, पण जिभेला तिच्या कधीच हाड नव्हतं. "मला लागतात," ती ओरडली. "तुला मोजायचेत का? बस इथे उशाशी आणि मोज!" वडील जिना उतरताना तिने पुन्हा हाक मारली, "आणि ऐक रे, पुढच्या वेळेपासून एक पाकीट जास्तीचं आणायला सांग. मी म्हातारी बाई. मला कसली आलीय लाज?" जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आम्ही म्हटलं, आजीचं डोकं फिरायला लागलं.

मग आजी गेली. उरलेली पाकिटं काकूने पुरवून पुरवून वापरली आणि ती संपली. आता मेडिकलमध्ये जाऊन कोणाचं नाव सांगणार? सासू गेली हे सगळ्या गल्लीला ठाऊक. काकूने बेकरी सोडली. बाहेर जाणं बंद, कोणाकडे जाणं बंद, गच्चीतसुद्धा येईना. आणि गल्लीने काय म्हणावं? "सासू गेल्याचं किती मनाला लावून घेतलं बघा!" समोरच्या बाईंनी तर आपल्या सुनेला उठता-बसता काकूचा दाखला द्यायला सुरुवात केली. ती सून बिचारी आम्हाला बघितलं की रस्ता बदलायची.

त्याच वर्षी ताईला, म्हणजे काकूच्या लेकीला, दिवस गेले. ती राहायची बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, प्रवास बंद. फोनवर म्हणाली, "आई, तू ये. मला तूच हवीस." काकू म्हणाली, "येते गं, येणार नाही तर काय!" बॅग भरली. दुसऱ्या दिवशी बॅग रिकामी केली. मग गुडघे दुखायला लागले. मग घराची किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्न पडला. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, तरी पडला. मग ताप आला, थर्मामीटरला न दिसणारा. खरं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये बसणं आणि लेकीच्या सासरच्या गादीवर झोपणं, या दोन गोष्टी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. शेवटी ताईच म्हणाली, "राहू दे. इथे सासूबाई आहेत." मुलगी झाली, तो फोनही जावयाचा आला. पुढे ताईचे फोन कामापुरते राहिले, मग कामही राहिलं नाही. तिने आईचं नाव टाकलं, असं माझी आई म्हणायची.

आजीला जाऊन तीन वर्षं होत आली तेव्हा काकू न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, म्हणून तिचे कपडे धुवायला मी वर गेले. दाराच्या मागे झाकण लावलेली बादली होती. झाकण काढलं तर आत टॉवेलचे तुकडे भिजत पडलेले. मी आतल्या खोलीत जाऊन गादीवरची चादर उचलली. खाली प्लॅस्टिक.

"काकू, हे काय?"

"ते? आईंचं राहिलंय धुवायचं," ती चटकन म्हणाली.

"आजीला जाऊन तीन वर्षं होतील, काकू!"

एक क्षण आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि ती हसली. तेच जुनं हसू, तोच अडकलेला श्वास. टेबलावर थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच पोटाखाली दाबून ती खुर्चीवर बसली. मग रडली. मी इतकी चिडले होते की आधी भांडलेच. "आधी बोलायला काय झालं होतं?" वगैरे. मग मी तिच्या पायाशी बसले आणि तिने सांगितलं ते सगळं ऐकलं.

"गल्लीतला दवाखाना नको, दुकानही नको हं," एवढीच तिची अट होती. मी तिला लांबच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्नायू आवळून धरायचे व्यायाम दाखवले आणि म्हणाल्या, "लवकर आला असतात तर यानेच बरंच आवरलं असतं. आताही फरक पडेल, फक्त वेळ लागेल." दवाखान्याखालच्या दुकानात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "पेशंट चालतो-फिरतो का?" काकूने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम गप्प बसले.

"मीच आहे," काकू म्हणाली. "चालते. सगळं करते."

बाईंनी टेप काढून कपड्यांवरूनच कमरेचं माप घेतलं. थेंब-थेंब जातं की एकदम, दिवसा किती, प्रवासात काय, सगळं विचारलं. मग दिवसासाठी पातळ पॅड, आणि प्रवासाला, रात्रीला चड्डीसारखे चढवायचे डायपर, तेही सगळ्यात लहान मापाचे. "मोठं माप घेतलं म्हणजे जास्त शोषून घेतं असं नसतं," त्या म्हणाल्या. "सैल राहिलं की कडेने गळतं."

काकू पाकीट उलटसुलट करून बघत राहिली. "हे नवीन आलंय का?"

"छे, कधीपासून मिळतंय."

काकूने मान हलवली आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

महिन्याभराने आम्ही दोघी ताईकडे निघालो. फोन मी केला होता. ताई फक्त "या" म्हणाली. बसमध्ये काकू खिडकीशी बसली. बराच वेळ तिचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगाकडे होतं, मग हळूहळू बाहेर गेलं. मध्येच म्हणाली, "आईंना ठाऊक होतं गं. ते जास्तीचं पाकीट त्या माझ्यासाठीच मागायच्या. सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. पण कधी बोललो नाही. मी एकदा नुसतं 'आई' म्हणून हात धरला असता, तरी झालं असतं."

ताईने दार उघडलं. "बसा, पाणी आणते," म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. तिच्या मागून एक छोटी मुलगी अर्ध्या डोळ्याने बघत होती. काकूने हात पुढे केले, तर ती पडद्यात शिरली.

स्वयंपाकघरात काकूने ताईला सांगितलं. मी दारात होते. काकूने काही सजवलं नाही, काही वगळलं नाही, बादलीसुद्धा सांगितली. ताई ओट्याला टेकून उभी होती. ऐकून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाजात राग तसाच होता.

"एवढ्यासाठी, आई?"

"तेव्हा ते एवढंसं नव्हतं गं," काकू म्हणाली.

ताईने आईच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि तो हात सोडला नाही.

एवढ्यात छोटी आतून काहीतरी ओढत घेऊन आली. लहान मुलांच्या डायपरचं अर्धं उरलेलं पाकीट. ते तिने काकूच्या पायांशी टाकलं. "मला नको आता. मी मोठी झाले," तिने जाहीर केलं.

"शेजारच्या बाळाला द्यायला काढून ठेवलेत," ताई म्हणाली.

काकू जमिनीवर बसली. तिने त्यातला एक काढला, मांडीवर उलगडला, सुरकुत्या सारख्या केल्या. तिच्या दोन पसरलेल्या हातांखाली झाकला जाईल एवढाच होता. मग होता तसा घडी करून पाकिटात ठेवला.

"कधीपर्यंत लागत होते हिला?" तिने विचारलं.

"गेल्या महिन्यापर्यंत," ताई म्हणाली. म्हणजे काकूला तिच्या मापाचे मिळाले, त्याच महिन्यापर्यंत.