चिंधूच्या तोंडी दुसऱ्याचं गाणं

भंडाऱ्याकडचा चिंधू भेंडारकर भिलाईत रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये हाक देणारा होता. ज्याने कधी रूळ उचलला नाही त्याला हे सांगून फारसा उपयोग नाही, तरी सांगतो. पंधरा माणसं एका रुळाला भिडतात. एकाने आधी उचललं तर दुसऱ्याची कंबर जाते, उशिरा सोडलं तर पायाची बोटं. म्हणून समोर उभा राहून एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ‘हैशा’ म्हणतात, आणि त्या ‘हैशा’वर रूळ हलतो. चिंधूची हाक असली की लोखंड मुकाट उठायचं. एरवी माणूस तुसडा. भिलाईजवळच्या कोहक्यातल्या त्याच्या वस्तीत त्याच्याशी धड बोलणारी एक बायकोच, मनकर्णा, आणि तीही नाइलाजाने.

त्याच्या ओळी म्हणजे निव्वळ शिव्या होत्या. ठेकेदाराचा ओव्हरसियर हिरालाल कानपूरकडचा, मराठीचं त्याला ओ की ठो कळत नसे. भर मे महिन्यात तो तंबूत खुर्ची टाकून बसे आणि पाण्याला गेलेल्या माणसाला लाथ घालून परत हाकलत असे. चिंधू त्याच्याकडे तोंड करून गाई.

“बोकड्या फुगला.”

“हैशा.”

“सावलीत दडला.”

“हैशा.”

हिरालाल तालावर मान डोलवी. गँगचा अर्धा शीण तिथेच उतरे.

साठ साली मुंबईहून फिल्मवाले आले. कारखाना कसा उभा राहतोय ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी चिंधूच्या तोंडापुढे माईक धरला, चार वेळा रूळ उचलायला लावला आणि निघून गेले. झालं, चिंधूचे पाय जमिनीला लागेनात. पडद्यावर माझा आवाज येणार, असं त्याने वस्तीत इतक्यांना सांगितलं की लोक त्याला चुकवून जाऊ लागले.

सहा महिन्यांनी सिविक सेंटरजवळच्या मैदानात फिल्म लागली. मनकर्णा नवं लुगडं नेसून पुढे बसली. पडद्यावर चिंधू आला, त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून भलताच आवाज निघाला. जाड, संथ, कुठल्या तरी परक्या भाषेतला. चिंधूचे ओठ एकीकडे, गाणं दुसरीकडे. खुर्च्यांवरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागची वस्ती मात्र पोट धरून हसत होती, आणि सगळ्यात मोठ्याने मनकर्णेचा भाऊ शालिकराम हसत होता. तो त्याच गँगमधला.

घरी आल्यावर मनकर्णेने नवं लुगडं सोडून घडी घातली. मग म्हणाली, “लोकायले काहून सांगत फिरले तुमी?”

दुसऱ्या दिवशी चिंधूने अरुणकुमारला गाठलं. कारखान्याच्या हापिसातला हा नागपूरचा कारकून तेव्हा फिल्मवाल्यांचा दुभाषा होता.

“माया आवाज कोणं काढला?”

“मीच सांगतलं काढाले,” अरुणकुमार म्हणाला. “त्यायनं ओळीचा अर्थ विचारला. फिल्म दिल्लीले जाणार होती. तिथं बोकड्या चालते का? तुले वाचवलं मी.”

“अन् ते दुसरं काय घातलं?”

“अमेरिकेतल्या काळ्या गुलामायचं देवाचं गाणं हाये. कारखान्यातल्या रशियन साहेबाजवळ त्या गाण्याच्या तीन रेकॉर्डी हायेत, एक गाणाऱ्या मंडळीची, एक बाईची, एक या जाड्या आवाजाची. तिकडच्या सिनेमातबी वाजते. मालक समोर बसला असला तरी ते लोक गात, देवा, याच्या हातून सोडव, याचं राज्य बुडव. मालकाले वाटे भजन करून राहिले.”

“म्हंजे शिवीच झाली. मंग ते कसं चाललं?”

“इथं कोणाले समजते ते?”

चिंधू तिथून उठला तो धुमसतच. त्या गाण्याचा त्याला मनापासून राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. आपणही तेच करत आलो, न समजणाऱ्याच्या तोंडावर बोललो आणि स्वतःला वाघ समजलो, हे त्याच्या मनातून जाईना.

सोमवारी गँग रुळाला भिडली. हिरालाल तंबूतून बाहेर येऊन उभा होता. चिंधू त्याच्याकडे वळला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला,

“हिरालाल बकरा.”

पंधरा माणसं वाकलेली होती. कुणी तोंड उघडलं नाही.

“छाँव में छिपता है.”

रूळ जागचा हलला नाही. गेली दोन वर्षं रोज ‘हैशा’ म्हणणारे ते सगळे खाली खडीकडे बघत होते. चिंधूने एकेकाकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

हिरालाल सावकाश पुढे आला. त्याने चिंधूला हातही लावला नाही. शालिकरामकडे बोट करून म्हणाला, “तू बोल.”

शालिकराम रूळ सोडून समोर आला. मग बजरंगबलीचं नाव घेऊन त्याने पातळ आवाजात हाक दिली. सगळ्यांनी जीव तोडून ‘हैशा’ म्हटलं. रूळ उठला आणि पुढे सरकू लागला.

चिंधू बाजूला झाला, कारण रूळ त्याच्याच अंगावर येत होता.