मला सांगून गेलेला मुलगा

निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात सगळ्यांनी माझ्या ‘दादा’ पद्धतीचं कौतुक केलं. अजूनही जुनं कुणी भेटलं की तेच निघतं. मी मान हलवतो.

विद्यापीठाच्या मुलांच्या वसतिगृहाचा मी रेक्टर होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या मागे लागलेली असतात. दुसऱ्या वर्षाचं पोरगं मधल्यामधे राहतं. नवलाई संपलेली, शेवट लांब. दुपारपर्यंत झोपायचं, मेसमधलं ताट खोलीत न्यायचं, वर्गाला दांडी मारायची. मी नियम केला, दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाच्या खोलीत पहिल्या वर्षाचा एक मुलगा राहील. त्याला उठवायचं, मेसला न्यायचं, शहर दाखवायचं. धाकट्यानं थोरल्याला दादा म्हणायचं. दुसऱ्याला उठवायचं म्हणून ही मुलं स्वतः उठू लागली.

सिल्लोडकडचा एक मुलगा सगळ्यांत चांगला दादा होता. त्याच्याकडचं पोरगं घरच्या आठवणीनं रडायचं. हा त्याला रविवारी हर्सूल तलावावर फिरवून आणायचा. थंडीच्या तोंडावर शहागंजच्या बाजारात नेऊन, घासाघीस करून त्यानं त्याला स्वेटर घेऊन दिलं. बाकीचे चिडवायचे, “दादा कसला, आईच हाय ही!” तो हसायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी तो माझ्या ऑफिसात आला. बस म्हटलं तरी उभाच राहिला.

“सर, ते पोरगं दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का रे? भांडलात?”

“नाय सर. माझंच मन लागंना. वर्गात जाणंच होईना झालंय.”

मी हसलो. “तू सोडलंस तर ते उद्याच गाव गाठेल. सगळ्यांत भारी दादा तू, आणि तूच असं म्हणतोस?”

तो मग “व्हय सर” म्हणाला आणि गेला. त्यानंतर मी चहा मागवला, एवढं आठवतं.

परीक्षेच्या दिवसांत तो त्या पोराला सकाळी केंद्राच्या दारापर्यंत सोडायचा आणि खोलीवर येऊन झोपायचा. स्वतः एकही पेपर दिला नाही. आम्हाला निकालाच्या वेळी कळलं. नापासाला वसतिगृहात जागा नाही, या नियमाप्रमाणे खोली गेली. वडील न्यायला आले. मुलगा वर खोलीत गादी बांधत होता.

“सर, यानं तुम्हाला कधी काही बोलून दाखवलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “सांगितलं असतं तर काहीतरी केलं असतं.”

पुढे दरवर्षी नव्या दादांसमोर मी त्याचंच उदाहरण द्यायचो. म्हणायचो, त्याच्यासारखं मनात ठेवू नका, येऊन सांगा. मुलं गंभीर व्हायची.

गेल्या महिन्यात त्याच्याकडच्या त्या रडक्या पोराकडून, तो आता कॉलेजात शिकवतो, त्याच्या दादाच्या वडिलांचा नंबर मिळाला. मी फोन केला. म्हणालो, “तो मला सांगायला आला होता. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो.”

 वडील म्हणाले,

“त्यो बी तेच म्हणत व्हता, सर. एसटीत सिल्लोड येईस्तोवर तेच, मी सरांना बोललो व्हतो, बोललो व्हतो. मीच म्हणलं, सर कशाला खोटं बोलतील? लई बोललो मी त्याला. तवापासून त्याच्या कुठल्या बी गोष्टीवर माझा इस्वास बसला नाय.”

मुलगा आता वाळूजला कंपनीत आहे, बायकोपोरं तिकडेच. सणापुरता गावी येतो.

“मी सांगतो त्याला,” मी म्हणालो.

“नाय. तुम्ही थांबा, सर. आधी मला बोलू द्या त्याच्याशी.”

फोन ठेवला. मी खुर्चीतच बसून होतो. रडू वगैरे आलं नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा जेवलो.

त्याचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. माझ्या तोंडून ते उदाहरण ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्यानं मनात ठेवलं नव्हतं. येऊन सांगितलं होतं.